पिकतें तें भात, शिजतो तो भात

भात हा शब्द मराठींत दोन लिंगांनीं चालतो. शेतांत जें उभें असतें, जें कापलें जातें आणि झोडलें जातें, तें भात नपुंसकलिंगी; पातेल्यांत जो शिजतो आणि पानांत वाढला जातो, तो भात पुल्लिंगी. कोंकणपट्टींतल्या जुन्या माणसास हा भेद व्याकरणाच्या पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. ‘यंदा भात चांगलें आलें’ आणि ‘आज भात चांगला झाला’ हीं दोन्ही वाक्यें तो सहज बोलून जाई; आणि एका वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंतची सारी वाट, म्हणजे राब, पेरणी, आवण, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, भरडणी, त्याच्या पायांखालची असे. शहरांतील मुलास यांपैकीं दुसरें वाक्य तेवढें येतें. पहिलें त्याच्या कानावर पडलें, तर बोलणारा अशुद्ध बोलला असें त्यास वाटण्याचा संभव अधिक.

श्रोतेहो, शहरांतील शाळकरी मुलांस शेतीची आणि अन्नाच्या उगमाची ओळख कशी करून द्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय जुना आहे. त्यावर समित्या पुष्कळ बसल्या व अहवालहि पुष्कळ निघाले. म्हणून साऱ्या देशाचा विचार बाजूस ठेवून तो एका वस्तीपुरता पाहिलेला बरा. ती वस्ती म्हणजे भिवंडीचा निजामपुरा.

भिवंडी आणि निजामपूर हीं दोन नांवें आज एकाच महानगरपालिकेच्या पाटीवर जोडून लिहिलेलीं आहेत. भिवंडी म्हटलें कीं लोकांस माग आठवतात. हातमाग गेले, विजेवरचे माग आले, त्यांतलेहि कित्येक अलीकडे बंद पडले. तथापि येथल्या गल्ल्यांतून मागांची खडखड अद्यापि ऐकूं येते. या वस्तींतल्या मुलास कापड कोठून येतें हें कोणीं शिकवावें लागत नाहीं. ताणा कोणता, बाणा कोणता, धागा तुटला तर माग कां थांबवावा लागतो, किती मीटर कापड उतरलें म्हणजे किती मजुरी पदरांत पडते, हें तो चालतां बोलतां शिकलेला असतो. अंगावरच्या सदऱ्याची कुळकथा ज्यास सांगतां येते असा मुलगा मुंबईच्या मोठ्या शाळांतूनहि सहसा आढळणार नाहीं.

याच मुलास भात कोठून येतो असें विचारावें. दुकानांतून, रेशनवरून, किंवा शाळेंत गाडींतून येतो, अशीं उत्तरें मिळतील; आणि तीं खोटीं म्हणतां येणार नाहींत. शहरांत शालेय पोषण आहार बहुधा एका केंद्रांत शिजतो व डब्यांतून शाळेवर पोंचतो. खेड्यांतल्या शाळेंत निदान चूल दिसते, तांदूळ निवडणारी बाई दिसते. येथें चूलहि दृष्टीआड झाली आहे.

विशेष हें कीं, भिवंडीचा मुलूख मुळांत भाताचाच. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, माणकोली या गांवांचीं नांवें आज गोदामांसाठीं घेतलीं जातात. तेथें पूर्वीं खाचरें होतीं, बांध होते, आणि आगरी, कुणबी, कोंकणी मुसलमान अशा अनेक समाजांचीं घरें त्या भातावर वर्ष काढीत. शेजारच्या वाडे तालुक्यांतील कोलम तांदळास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. निजामपुऱ्यांतून वाड्याच्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें, तर श्रावणांत अजूनहि दोहों बाजूंस हिरवीं खाचरें लागतात. म्हणजे ज्ञानाचें साधन कांहीं मैलांवर आहे, आणि तें वर्षानुवर्षें आक्रसत आहे. जे मूल आज पहिलींत आहे, तें दहावींत जाईपर्यंत रस्त्याकडेचें कोणतें खाचर शिल्लक असेल हें सांगणें कठीण आहे.

दुसरें साधन याहूनहि जवळ आहे. या भागांतल्या शाळांतून मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारीं मुलें भेटतात. उत्तरप्रदेशांतून आलेल्या कारागिराच्या घरीं धान आणि चावल असे दोन वेगळे शब्द आहेत. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली घरांतील मुलगी सालीसकटच्या दाण्यास वडलु, सडलेल्या दाण्यास बिय्यम आणि शिजलेल्यास अन्नम म्हणते. हे सारे शब्द फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहिले, तर दाणा किती रूपांतून जातो तें भाषाच सांगून टाकते. शिवाय या मुलांच्या घराण्यांतून शेती अजून पुरती गेलेली नाहीं. बापानें माग धरला असला तरी पुष्कळांचे आजोबा गांवीं पेरणी करितात. ‘तुमच्याकडे बी केव्हां टाकतात, लावणी कोण करतें, हें आजोबांस विचारून या,’ एवढें गुरुजींनीं सांगितलें, कीं दूरध्वनीवरून रात्रींतून तीन प्रांतांची माहिती वर्गांत येईल. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यास इतकी ताजी माहिती मिळविण्यास महिने लागतात.

परंतु शाळांतून शेतीच्या नांवावर आज जें चालतें त्याचें स्वरूप निराळें आहे. ‘शेतकरी, जगाचा पोशिंदा’ हा निबंध दर वर्षीं लिहिला जातो. त्यांतला शेतकरी पहांटे उठतो, बैलांस हांक मारतो व घाम गाळतो. तो बियाणें उधारीवर आणतो, भाड्याचा ट्रॅक्टर लावतो, लावणीस माणसें मिळत नाहींत म्हणून रात्र जागून काढतो, हें निबंधांत नसतें. कारण निबंध मागच्या वर्षींच्या वहींतून उतरलेला असतो. अलीकडे लावणीच्या दिवसांत सहली निघतात. मुलें गुडघाभर चिखलांत उतरतात, छायाचित्रें निघतात, अर्ध्या तासानें सर्व मंडळी अल्पोपहारास जातात, आणि वांकडीं लागलेलीं रोपें त्या शेतकऱ्याच्या घरचीं माणसें पुन्हां सरळ करीत बसतात. चिखलाचा स्पर्श झाला एवढा लाभ खरा. त्यापलीकडे त्यास शिक्षण म्हणणें धाडसाचें होईल.

शाळेंतील परसबागेची गोष्ट याहून पुष्कळ बरी. २०१९ सालीं केंद्र सरकारनें शाळांच्या पोषण-परसबागांविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रांतल्या कित्येक शाळांनीं मेथी, पालक, मुळा, शेवगा मनापासून लावला. मेथी तीन-चार आठवड्यांत हाताशीं येते, मुलांस हुरूप येतो. परंतु माणसाचें पोट धान्यावर भरतें, आणि धान्य मेथीसारखें लवकर येत नाहीं. वाट पाहणें हा शेतीचा मोठा भाग आहे. तो परसबागेंत वगळला जातो.

शाळेंत शेती शिकवावी ही मागणी महाराष्ट्रास नवी नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें जें निवेदन दिलें, त्यांत मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल व आरोग्य यांच्या जोडीस शेतीचें प्राथमिक ज्ञानहि प्राथमिक शाळेंत असावें असें सुचविलें होतें. रयतेच्या साऱ्यांतून सरकारचा खजिना भरतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. शेतकऱ्याच्या मुलाच्या उपयोगाचें कांहीं शाळेंत असावें, हा त्यांचा आग्रह न्याय्यच होता.

पुढें १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा दिला. साडेपांच तासांच्या शाळेंत तीन तास वीस मिनिटें मूलोद्योगास द्यावींत, असें त्यांत वेळापत्रक होतें. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें हा प्रयोग हातीं घेतला. मूलोद्योगांत सूतकताई होती तशी शेतीहि होती. परंतु टकळीस वीतभर जागा पुरते, शेतीस जमीन लागते, पाणी लागतें, आणि सुटींत राखणदार लागतो. तेव्हां बहुसंख्य शाळांतून टकळीच फिरली. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानें १९६४ ते १९६६ या काळांत कार्यानुभवाची कल्पना मांडली. कल्पना उत्तम, प्रत्यक्षांत कार्यानुभवाच्या तासाला रंगीत कागदाचीं फुलें करावयाचीं आणि तपासनीस आले म्हणजे तीं भिंतीवर लावावयाचीं, इतकाच तिचा विस्तार पुष्कळ शाळांत राहिला.

या साऱ्या इतिहासांत एक गोष्ट नजरेंत भरते. शेती शिकवावयाची ती प्रत्यक्षांत खेड्यांतल्या मुलास शिकविली गेली. ज्याचा बाप, आजा आणि आई शेतांत आहे, त्यास शहरांत शिकून आलेला मास्तर रोप कसें लावावें हें सांगूं लागला, तर त्या मुलानें मनांत हंसावें यांत नवल नाहीं. त्या मुलाच्या आईबापांनीं तर सरळच विचारलें कीं, तुमचीं मुलें इंग्रजी शिकून कचेरींत जाणार आणि आमच्या मुलांनीं शाळेंतहि कुदळच धरावी काय? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें समाधानकारक उत्तर कोणीं दिलें नाहीं. ज्यास हें ज्ञान घरीं मिळण्याची सोय नव्हती, तो शहरांतला मुलगा मात्र या सर्व योजनांतून अलगद सुटला.

ठाणें जिल्ह्यांतच, समुद्राच्या बाजूस, याहून निराळी रीत एकदां करून पाहण्यांत आली होती. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. गुरें राखावयास जाणारीं वारली मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या बायांनीं शाळाच कुरणांत नेली व तिला कुरणशाळा हें नांव पडलें. परदेशी बनावटीच्या महागड्या बालसाधनांऐवजीं बिया, शिंपले, पानें, काटक्या घेऊन मुलें मोजावयास शिकलीं. जे मूल रानांतलें पान वासावरून ओळखतें, त्यास पानापासूनच शिकवावें, अशी ती दृष्टि होती. मुलास जें अगोदर येत आहे तेथून आरंभ करावयाचा.

हीच दृष्टि निजामपुऱ्यास लावली, तर आरंभ कापडापासून व्हावयास हवा. येथल्या मुलास मीटर समजतो, मजुरी समजते, मालाचा हिशेब समजतो. तेव्हां भाताची ओळखहि त्यास हिशेबानेंच करून द्यावी.

शालेय पोषण आहारांत पहिली ते पांचवीच्या मुलामागें दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य ठरलेलें आहे. लहान मुलाचे १०० ग्रॅम घ्यावे. तांदूळ तराजूंत तोलून कागदावर पसरावा व मुलांकडून मोजवावा. दाणे पांच हजारांच्या आसपास, बारीक जातीचे असल्यास त्याहूनहि अधिक भरतील. भाताच्या एका चांगल्या लोंबीस शंभरावर दाणे असतात. म्हणजे एका मुलाच्या दुपारच्या जेवणांत पन्नासेक लोंब्या खर्चीं पडतात. आतां वर्षांत शाळेचे दिवस २०० धरूं या. तांदूळ झाला २० किलो. शंभर किलो भात भरडलें तर तांदूळ सहासष्ट-सदुसष्ट किलो निघतो, उरलेलें तूस आणि कोंडा. तेव्हां २० किलो तांदळास ३० किलो भात पाहिजे. बऱ्यापैकीं जमिनींत एकरीं १२ क्विंटल भात आलें, तर एका गुंठ्यास ३० किलो पडतें.

म्हणजे पहिली ते पांचवींतलें प्रत्येक मूल शाळेंतल्या दुपारच्या भातापुरता एक गुंठा खातें. चाळीस मुलांचा वर्ग एक एकर खातो. रात्रीचें जेवण, सणावाराची बिर्याणी, सकाळच्या इडल्या हा सारा हिशेब वेगळाच.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा. शाळेच्या पटांगणांत दोरी लावून चुन्यानें तेवढा चौकोन आंखावा आणि एका मुलास मधोमध उभें करावें. निजामपुऱ्यांतल्या पुष्कळ शाळांस एवढें मोकळें पटांगण नसेल. मग तो चौकोन रस्त्यापर्यंत कसा जातो व किती खोल्या गिळतो हें नकाशावर काढावें. वीस फूट लांबी-रुंदीचे पावणेतीन वर्ग त्यांत बसतात. चाळीसांच्या वर्गास असे चाळीस चौकोन लागतील हें कळलें म्हणजे, एक गोदाम उभें राहिलें तेव्हां किती वर्गांचें जेवण त्याखालीं गेलें, हा प्रश्न मुलें आपण होऊन विचारतील. त्याचें उत्तर गुरुजींनीं सावधपणें द्यावें. गोदामांत कोणा ना कोणा मुलाचा बाप कामास असतो, आणि जमीन विकून ज्या शेतकऱ्याचें कर्ज फिटलें त्याचा मुलगाहि वर्गांत बसलेला असूं शकतो.

हिशेब येथें थांबवूं नये. मुलास मजुरी समजते, तेव्हां भाव सांगितलाच पाहिजे. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठीं केंद्र सरकारनें साध्या भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये ठरविली. त्या भावानें ३० किलो भाताचे ७११ रुपये होतात. मुलाच्या दोनशें जेवणांचा तांदूळ पिकविणाऱ्याच्या हातीं जेवणामागें साडेतीन रुपयांच्या आसपास येतात, आणि त्यांतून बियाणें, खत, नांगरट, लावणी व कापणी यांचा खर्च वजा जावयाचा आहे. एकराच्या लावणीस दहाबारा बायका दिवसभर ओणव्या राहतात. हे आंकडे फळ्यावर मांडल्यावर पोशिंद्याच्या निबंधाची फारशी जरूर उरत नाहीं.

शाळेंतला तांदूळ बहुतेक वेळां भिवंडीच्या मातींतला नसतोच. तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतून येतो. पंजाबांतला असेल, छत्तीसगडांतला असेल. पोत्यावर राज्याचें नांव व हंगामाचें वर्ष छापलेलें असतें. असें एक रिकामें पोतें वर्गांत आणून टांगलें, तर भूगोलाचा एक चांगला तास त्यावर होईल.

इतकें झालें तरी तें कागदावरचें. भात उगवतांना पाहिल्याशिवाय मुलास त्याची ओळख होणार नाहीं. या कामीं निसर्गानें व शिक्षण खात्यानें नकळत एक सोय करून ठेवली आहे. महाराष्ट्रांतल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पहिलें सत्र दिवाळीस संपतें. मृगाच्या पावसावर पेरलेलें हळवें भातहि दिवाळीच्या सुमारासच कापणीस येतें. कर्जतच्या संशोधन केंद्रानें काढलेल्या हळव्या जाती शंभर ते एकशेवीस दिवसांत तयार होतात. शाळेचें पहिलें सत्र आणि हळव्या भाताचें आयुष्य जवळजवळ एकच आहे. प्रवेशोत्सवाच्या आठवड्यांत पेरलें, तर सहामाही परीक्षा होतां होतां कणसें पिवळीं पडतील.

जमीन नाहीं ही अडचण खरी, पण ती अनिवार्य नाहीं. जपानांतल्या शहरी शाळांत मुलें बादलींत भात लावतात. त्या देशानें २००५ सालीं अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. तिकडे या शिक्षणास शोकुइकु असें नांव आहे. बादलींतल्या भाताची चाल तर त्या कायद्याच्याहि अगोदरची. आपल्याकडे बादलीचें काम तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा उत्तम करील. खाचरांतली माती शेणखत मिसळून डब्यांत भरावी, वर चार बोटें जागा सोडावी. बियाणें एक दिवस पाण्यांत भिजवून दोन दिवस ओल्या गोणपाटांत दाबून ठेवलें कीं मोड येतात. असें मोड आलेलें बी पेरण्याच्या रीतीस कोंकणांत रहू म्हणतात. रोपें एका पसरट घमेल्यांत वाढवावींत आणि तीन आठवड्यांनीं प्रत्येक डब्यांत तीन-चार रोपांचा एक चूड लावावा. चार मुलांस एक डबा पुरे. त्यांनींच पाणी पाहावें, तण उपटावें, फुटवे मोजावे आणि दर सोमवारीं उंची वहींत टिपावी.

त्यानंतर पाहण्यासारखें पुष्कळ असतें. एका रोपास फुटवे फुटत जातात. भात पोटरींत येतें, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणांत कणीस फुगूं लागतें. मग तें निसवतें. भाताचें फूल दुपारच्या आंत तास-दोन तास उमलतें व मिटतें. शेतकऱ्याच्या मुलानेंहि तें निरखून पाहिलेलें नसतें, इतकें तें बारीक. सकाळच्या अधिवेशनाच्या शाळेस तें नेमकें तासाच्या वेळींच सांपडतें. त्या दिवशीं गणिताचा तास खुशाल पुढें ढकलावा. दाण्यांत दूध भरलें कीं तो नखानें दाबून पाहण्याचा मोह प्रत्येक मुलास होतो, आणि प्रत्येकानें एक एक दाणा दाबला तर पीक संपतें. या वेळीं वर्गांत जो तंटा होतो तो गुरुजींनीं मिटवूं नये. मुलांनीं आपसांत राखणदार नेमावा. चिमण्या व उंदीर यांचा बंदोबस्तहि त्यांजकडेच असावा.

राबाविषयीं दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. पेरणीपूर्वीं रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा व शेण पसरून जाळावयाचें, ही ठाण्या-कुलाब्याकडील जुनी रीत. त्या पाल्यासाठीं जंगलांत जावें लागे, त्यावरून शेतकरी व जंगलखातें यांत इतकें वितुष्ट आलें कीं सरकारास १८८५ सालीं मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. आज राब भाजणें कमी झालें आहे. शाळेंत राख आणून एका घमेल्यांत ती मिसळली व दुसरें तसेंच ठेवलें, तर दोहोंतल्या रोपांचा फरक मुलांस स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येईल. आजोबा करीत तें कां करीत, याचा शोध घेण्याची ती एक साधी रीत आहे.

डब्यांच्या जोडीस खरें शेत हवेंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना ठेवावे व त्या दिवसांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांपाशीं शिकावें असें म्हटलें आहे. हे दहा दिवस सलग उरकून टाकण्याची प्रवृत्ति दिसते. तसें न करितां ते हंगामावर वांटावे. वाड्याच्या किंवा पडघ्याच्या बाजूस एकच शेतकरी कुटुंब ठरवावें आणि त्याच खाचरावर वर्षांतून पांच-सहा वेळां जावें: आवण उपटतांना, लावणीस, बेणणीस, निसवल्यावर, कापणीस आणि झोडणीस. उरलेले दिवस भाताच्या गिरणीस व धान्यबाजारास द्यावे. त्या घरच्या काकींनीं शिकवावें, गुरुजींनीं मुलांबरोबर ओणवें व्हावें. काकींस शिकविण्याचा मोबदला शाळेनें द्यावा. दोन तास त्या दहा मैलांवरून आलेल्या चाळीस मुलांस सांभाळतात, हें त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीइतकेंच काम आहे.

यावर आक्षेप येतील. पालिकेचे आरोग्य खातें म्हणेल कीं, सांचलेल्या पाण्यांत डांस होतात. आक्षेप योग्य आहे. भिवंडीसारख्या दाट वस्तींत त्याकडे काणाडोळा करितां येणार नाहीं. आठवड्यांतून एक दिवस डबा पूर्ण कोरडा ठेवावा. भातास त्यानें अपाय होत नाहीं. परीक्षेची अडचण सांगणाऱ्यांस एवढेंच सांगावें कीं, वर जो गुंठ्याचा हिशेब केला त्यांत त्रैराशिक, क्षेत्रफळ, सरासरी आणि शेंकडेवारी हे चारहि धडे येऊन गेले.

तिसरा आक्षेप पालकांचा. हें भाषण ऐकणाऱ्यांपैकींहि कित्येकांच्या मनांत तो असेल. ‘आमच्या मुलास शेतकरी व्हावयाचें नाहीं, मग हा उपद्व्याप कशास?’ मुलगा शेतकरी होणार नाहीं हें बहुधा खरें. तो गोदामाचा व्यवस्थापक होईल, वकील होईल, नगररचनेच्या कचेरींत बसेल, शेतजमीन बिगरशेती करण्याचा कागद त्याच्या मेजावर येईल. भाताचा भाव दोन रुपयांनीं वाढला म्हणजे वर्तमानपत्र हातांत घेऊन तो मत देईल. त्या वेळीं त्याच्या डोळ्यांसमोर तेहतीस फुटांचा चौकोन असावा कीं नुसता आंकडा असावा, याचा विचार पालकांनींच करावा.

दिवाळीपूर्वीं डब्यांतलें भात कापून झोडावें. एका डब्यांतून मूठ-दोन मुठींपलीकडे तांदूळ निघणार नाहीं. मुलांचा थोडा हिरमोड होईल, होऊं द्यावा. खलबत्त्यांत हलक्या हातानें कांडून तूस पाखडावें, कण्या वेगळ्या काढाव्या, सर्व डब्यांचा तांदूळ एकत्र शिजवून घांस घांस वांटावा. मात्र कांडण्यापूर्वीं प्रत्येक डब्यांतली उत्तम लोंबी बाजूस काढून ठेवावी. तीं कणसें उन्हांत वाळवून, जातीचें नांव व वर्ष लिहिलेल्या चिठ्ठीसह कांचेच्या बरणींत भरावींत आणि बरणी मुख्याध्यापकांच्या कपाटांत वरच्या खणांत ठेवावी. पुढल्या जूनमध्यें पांचवीचा जो नवा वर्ग येईल त्यास तींच पेरावयाचीं आहेत.